राखडीच्या चौकटी

आमच्या शेडला बाबा ‘कारखाना’ म्हणायचे. नेरहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपता संपता, टिनाचं छप्पर, मागे पाण्याचं टाकं आणि समोर ओळीनं उभ्या केलेल्या सिमेंटच्या चौकटी, एवढाच तो कारखाना. दाराच्या चौकटी, खिडकीच्या चौकटी आणि न्हाणीच्या भिंतीत बसवायच्या जाळ्या. तालुक्यातल्या कितीतरी घरांत माणसं आमच्याच चौकटीतून आत-बाहेर करतात. बाबा तरुणपणी गवंड्याच्या हाताखाली होते, मग स्वतः गवंडी झाले, मग त्यांनी हे सुरू केलं. आई जाळ्या घासून गुळगुळीत करायची. मी त्या शेडमध्ये, ओल्या बारदानाच्या वासात, अभ्यास करून मोठी झाले. पुसदला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नागपूरला, तयार काँक्रीट पुरवणाऱ्या एका प्लँटमध्ये नोकरीला लागले.

तिथे माझं काम तपासणीचं होतं. काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, पाण्यात ठेवायचे आणि मुदत झाली की मशीनखाली दाबून फोडायचे. किती भार सोसला ते बघायचं. राखडीशी माझी नीट ओळख तिथेच झाली. वीज केंद्रात कोळसा जळल्यावर जी बारीक करडी राख उरते तिला आमच्याकडे राखड म्हणतात. शहरातल्या मोठमोठ्या पुलांच्या खांबांत सिमेंटचा काही वाटा कमी करून ही राखड घालतात, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. आमच्या नेरात मात्र राखड म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकमधून उडणारी आणि डोळ्यांत जाणारी घाण, एवढीच तिची ओळख होती.

बाबांच्या कमरेचं दुखणं वाढलं तशी मी घरी आले. चार-सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते. त्याच दिवाळीनंतर रेती मिळेनाशी झाली. नदीवरच्या रेतीघाटांचे लिलाव झाले नव्हते, आणि चोरीची रेती बाबांना नको होती. फर्मे, म्हणजे चौकटी पाडायचे लोखंडी साचे, भिंतीला टेकून नुसते उभे. बाबा सकाळी शेडमध्ये जायचे, फर्म्यांना तेल लावायचे, पुसायचे आणि परत येऊन खाटेवर बसायचे.

एक दिवस जेवताना मी विषय काढला. “रेती नाही तं क्रशरवरची दगडाची चुरी वापरू. आणि सिमेंट थोडं कमी करून राखड घालू, बाबा.”

“राख?” बाबांचा घास हातातच राहिला.

“राखड.”

“नाव बदललं म्हणून वस्तू बदलते का? जळून गेलं ते. त्याच्यात काय जीव असते?”

मी समजावून सांगितलं. सिमेंट भिजून घट्ट होतं तेव्हा त्यातून थोडा चुना सुटतो. तो तसा बिनकामाचा असतो. राखड त्या चुन्याला धरते आणि दोघं मिळून पुन्हा सिमेंटसारखंच काहीतरी तयार होतं. फक्त सावकाश. आणि सिमेंट कमी लागलं म्हणजे ते बनवायला जो दगड भाजावा लागतो, जो कोळसा जाळावा लागतो, जो धूर होतो, तोही तेवढा वाचतो.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “समजलं मले. पण लोक काय म्हणतील सांगू? म्हणतील, म्हातारा सिमेंटात राख मिसळून राह्यला. भेसळ. आजवर माह्या चौकटीले कोणी भेसळ नाही म्हटलं.”

 बाबांनी आयुष्यभर जे जपलं होतं त्याला हा प्रश्न जाऊन भिडत होता. मी विषय सोडला. हात धुऊन आल्यावर बाबाच म्हणाले, “येते कुठून ते तं पाहून येऊ एकदा.”

नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याने एका ट्रकवाल्याशी बोलून ठेवलं होतं. त्यानं आम्हाला वणीच्या पुढे, कोळशाच्या पट्ट्यातल्या एका गावात भेटायला बोलावलं. आम्ही एसटीने यवतमाळ, तिथून वणी आणि तिथून काळीपिवळीने त्या गावात पोचलो. ट्रकवाल्याला यायला उशीर होता. उन्हात उभ्या असलेल्या बाबांना पाहून एका घरातल्या बाईने आम्हाला आपल्या छपरीत बसवलं. साधारण माझ्याच वयाची होती. तिने पाण्याचे पेले आणले. दोन्ही पेल्यांवर वाट्या झाकलेल्या होत्या.

“कायले आले तुमी इकडे?” तिने विचारलं.

“राखड पाहाले,” बाबा म्हणाले.

ती हसली. “राखड पाहाले? बसा मंग. दुपारची हवा सुटली की तेच येते तुमाले पाहाले.”

आणि खरंच आली. गावाच्या पलीकडे एक लांबच लांब, वरून सपाट अशी टेकडी दिसत होती. मला आधी ती नैसर्गिकच वाटली. ती राखडीच्या तळ्याची पाळ होती. हवा सुटली तशी तिच्या माथ्यावरून एक करडी चादर उठली आणि हळूहळू शेतांवरून गावाकडे सरकली. त्या बाईने घाई केली नाही, आरडाओरडा केला नाही. दोरीवरचे कपडे ओढून आत नेले, माठावर ओलं फडकं टाकलं, खिडकीचं दार लोटलं आणि पदर तोंडाला लावून आमच्याजवळ येऊन बसली. रोजचीच कामं, रोजच्याच क्रमाने. थोड्या वेळाने बाबांच्या काळ्या टोपीवर पिठासारखा थर बसला होता.

तिने आम्हाला आतल्या खोलीत साठवलेला कापूस दाखवला. एक मूठ काढून बाबांच्या हातात दिली. “पाहा. व्यापारी म्हणते मळका हाय. मी का मातीत लोळवला त्याले? झाडावरच मळते.”

बाबांनी तो कापूस बराच वेळ हातात धरला. मग तिला सांगितलं की आम्ही ही राखड नेऊन चौकटी पाडायचा विचार करतो आहोत. 

“म्हणजे आमच्या डोळ्यातली राखड तुमी दारात बसवता?”

“जमलं तं,” बाबा म्हणाले.

“न्या बाप्पा. ट्रकच काय, अख्खी रेल्वे आणा. मी भरून देते.”

परतीच्या वाटेवर यवतमाळच्या स्टँडवर चहा घेताना बाबा एकदम म्हणाले, “त्या बाईनं पाणी झाकून दिलं, पाह्यलं तू?”

“हो.”

“बोलाव एक ट्रक. पण माही एक अट हाय. लपवायचं नाही. बाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचं की ह्या चौकटीत राखड हाय.”

“बाबा, लोक येणार नाहीत मग.”

“नाही आले तं नाही आले. मले कोणासमोर मान खाली घालायची नाही.”

ट्रक आला तो नेमका उन्हाळी कामांच्या दिवसांत. आमच्या शेडला लागून एका मावशींचं घर होतं. नात्यानं त्या आमच्या कोणी नव्हत्या, पण मी लहानपणापासून त्यांना मावशीच म्हणत आले. नवरा वारल्यावर त्यांनी कुरडया, पापड, शेवया करून विकायला सुरुवात केली होती आणि नेरातल्या निम्म्या लग्नघरांची रुखवतं त्यांच्या हातची असायची. त्या सकाळी त्यांच्या अंगणात खाटांवर, पलंगपोसांवर, जिकडे तिकडे पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. इकडे ट्रकवाल्याने मागचं फळकूट उघडलं, ट्रकचा डाला वर झाला, आणि त्याच वेळी वाऱ्याची एक वावटळ आली.

“अवो माय! माह्या कुरडया!”

मावशी धावत आल्या तेव्हा त्यांचे केसही करडे झाले होते आणि कुरडयाही. “लग्नाची ऑर्डर होती व! आता मी त्या पाव्हण्यायले राख खाऊ घालू का?”

बाबा हात जोडून उभे राहिले. ट्रकवाला केबिनमधून उतरायलाच तयार नव्हता.  आई मात्र सरळ मावशींच्या घरात गेली, डब्यात किती गहू आहेत ते पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाली, “आजच भिजत घालू. तुमच्यासंग मी बसतो, ही बसते. लग्न तं अजून दूर हाय ना?”

मावशींचा राग एका दिवसात गेला नाही. गहू भिजेपर्यंत त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. पण चीक काढायच्या दिवशी तिघीजणी एका ठिकाणी बसलो, आणि सोऱ्या हातात घेऊन कोणी किती वेळ गप्प राहणार? मावशींनीच सुरुवात केली. “मले सांग, त्या राखेत असं काय हाय, की बाप-लेक दोघंही पागल झाले?”

मी हसले आणि सांगायला लागले. वणीकडच्या त्या गावातल्या बाईबद्दल, तिच्या कापसाबद्दल, चुन्याबद्दल, राखडीबद्दल. मावशींनी सोऱ्या फिरवणं थांबवलं नाही, पण मध्येमध्ये “हं”, “मंग?” असं म्हणत राहिल्या. इकडे बाबांनी राखडीच्या ढिगाभोवती तुटक्या चौकटींचा आडोसा केला, वरून पाणी मारलं आणि बाजार समितीतून आणलेली जुनी बारदानं त्यावर अंथरली. त्यानंतर आमच्याकडून कोणाच्या अंगणात राखड उडाली नाही.

पहिल्या चौकटी पाडल्या तेव्हा बाबांचा उत्साह बघण्यासारखा होता. कमरेला पट्टा बांधून ते स्वतः माल कालवायला उभे राहिले. ओला माल थापीवर घेऊन थापी तिरपी करून पाहिली. “लोण्यावाणी हाय,” म्हणाले. आणि सवयीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी फर्मा सोडला.

चौकटीचा एक कोपरा फर्म्यातच चिकटून राहिला. दुसरीचाही तसाच. तिसरी धडपणे निघाली, पण तिला टाक्याकडे नेताना ती मधोमध मोडली आणि आतल्या सळया बाहेर आल्या. बाबांनी तुकडा बोटांनी चुरला. “कच्चं हाय हे निरं.”

प्रयोगशाळेत ठोकळ्यांना घाई नसते. इथे फर्मे मोजकेच, ते रोज मोकळे झाले तरच काम पुढे सरकायचं. त्यात आमच्याकडचा उन्हाळा, माल मुरायच्या आधीच वाळून जायचा. राखडीला वेळ लागतो हे मी तोंडाने सांगितलं होतं, पण त्या वेळाची सोय आमच्या शेडमध्ये कशी करायची, याचा विचार दोघांनीही केला नव्हता. त्या आठवड्यात मी अनेकदा नागपूरला फोन करायला मोबाईल हातात घेतला, जुनी जागा अजून रिकामी आहे का ते विचारायला. फोन लावला नाही, कारण प्रत्येक वेळी बाहेर बाबा काहीतरी खटपट करत असलेले दिसायचे.

आम्ही राखडीचा वाटा कमी केला. पाणी कमी केलं. माल शेडच्या उत्तरेच्या सावलीत पाडायला लागलो. फर्मे जास्त वेळ बंद ठेवले, आणि फर्मे कमी पडतात म्हणून बाबांनी वेल्डिंगवाल्याकडून जुन्या अँगलचे आणखी फर्मे जोडून घेतले. उघडलेल्या चौकटी टाक्यात, आणि टाक्यात मावत नाहीत त्या ओल्या बारदानाखाली. आई सकाळ-संध्याकाळ बारदानं भिजवायची. आता कोपरे शाबूत निघत होते. पण दिसायला चांगलं आणि खरंच मजबूत यांत फरक असतो, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. म्हणून मी ठोकळे पाडले. बाबा म्हणाले, “माह्या जुन्या मालाचे बी पाड. म्हणजे समजेल.” शिल्लक होती त्या रेतीत त्यांनी स्वतःच्या हाताने जुना माल कालवला.

पुसदच्या माझ्या जुन्या सरांनी त्यांच्या कॉलेजच्या मशीनवर तपासून द्यायचं कबूल केलं. एसटीत चढताना कंडक्टरने आमची पिशवी उचलायचा प्रयत्न केला, पण ती उचललीच गेली नाही.

“काय भरलं व ह्याच्यात?”

“ठोकळे,” बाबा म्हणाले.

“कशाचे?”

“आधी आमाले समजू तं द्या कसे हायत, मंग सांगतो,” बाबा म्हणाले आणि पिशवी पायाजवळ घेऊन बसले. दारव्हा, दिग्रस करत पुसद येईपर्यंत एक हात त्यांनी पिशवीवरून काढला नाही.

पहिल्या खेपेला बाबांचा जुना ठोकळा बराच भार सोसून फुटला. राखडीचा त्याच्या कितीतरी आधी फुटला. मशीनच्या आवाजात बाबा माझ्याकडे पाहत होते आणि मी आकड्याकडे. आठवड्याभराचाच ठोकळा आहे, राखडीचं असंच असतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी आकडा पुन्हा एकदा वाचून पाहिला. सर म्हणाले, “घरी पाण्यात ठेवलेले आहेत ना अजून? ते काढू नको. दोन महिन्यांनी या.”

बाहेर आल्यावर बाबांनी पुसदच्या बाजारातून आईसाठी बांगड्या घेतल्या. भाव करताना ते दुकानदाराशी हसून बोलत होते. मला राग आला. “बाबा, तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. पण ते पाण्यात ठेवलेले ठोकळे अजून हायत. त्यायले तं अजून कोणी विचारलंच नाही.”

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. नद्यांना पाणी होतं, दिग्रसच्या पुढे सगळं हिरवं झालं होतं. सरांनी आधी बाबांचा ठोकळा लावला. तो मागच्यापेक्षा जास्त भार सोसून, एक कोरडा आवाज करून फुटला. मग राखडीचा. आकडा वर चढत गेला. बाबांच्या ठोकळ्याच्या आकड्याजवळ आला, तिथे पोचला, आणि थांबला नाही. बाबांनी माझा दंड धरला होता, तो त्यांनी एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. शेवटी ठोकळा फुटला तेव्हा सरांनीच “वा!” म्हटलं.

बाबांनी फुटलेला तुकडा उचलला, खिडकीजवळ नेला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला. “आतून कसं गच्च हाय पाह्य.” मग सरांकडे वळून एकदम म्हणाले, “सर, अजून एक उरला हाय. फोडता का?”

सर हसले आणि त्यांनी तोही फोडला. तोही बाबांच्या ठोकळ्याच्या पुढे गेला.

नेरला परत आल्यावर बाबांनी पेंटर बोलावला. शेडच्या रस्त्याकडच्या भिंतीवर निळ्या अक्षरात लिहून घेतलं: ‘आमच्या चौकटीत राखड आहे. आत येऊन विचारा.’

मला भीती होती तेच झालं. आधी कोणी आत आलं नाही. वर्षानुवर्षं माल नेणारा एक ठेकेदार मोटरसायकल थांबवून भिंत वाचून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवला की राखेच्या चौकटी मी माझ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारू शकत नाही. बाबांनी तो निरोप ऐकला आणि आपलं फर्म्याला तेल लावत राहिले. पावसाळाभर आम्ही चौकटी पाडत होतो आणि त्या शेडसमोर भिजत उभ्या होत्या. एवढंच चांगलं होतं की त्या जेवढ्या भिजत होत्या तेवढ्या पक्क्या होत होत्या. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायचे. काही जण थांबून हातोडीने ठोकून बघायचे. बाबांनी त्यासाठी एक हातोडी बाहेरच ठेवली होती.

मावशींचं घरकुल मंजूर झालं तेव्हा त्यांच्या दिरानं बाहेरून चौकटी आणायचं ठरवलं होतं. मावशी आमच्या शेडसमोर उभ्या राहून त्याला म्हणाल्या, “चौकटी इथून घ्यायच्या.”

“राखेच्या चौकटीतून घरात जाशील, वहिनी?”

“चुलीतल्या राखेनं जलमभर भांडे घासले ना आपण? तवा नाही बाटलो. आणि ह्या राखेनं माह्या कुरडया खाल्ल्या. आता माहं घर उभं करू दे तिले.”

दीर हसला, आणि तो हसला म्हणजे मान्य झालं. नुसत्या चौकटीच नाहीत, पायाच्या काँक्रीटमध्येही मावशींनी राखड घालायला लावली. गवंडी कुरकुरला, की हा माल लवकर धरत नाही. बाबा कमरेचा पट्टा बांधून रोज तिथे जाऊन बसायचे आणि पाणी मारायला लावायचे. हिवाळ्यात स्लॅब पडला. गृहप्रवेशाच्या दिवशी मावशींनी बाबांना दाराशी उभं केलं आणि म्हणाल्या, “आता धक्का मारून दाखवा तुमच्या चौकटीले. सगळ्यायसमोर.” बाबांनी खांद्याने दोनदा खरंच धक्का दिला. चौकट हलली नाही, बाबाच कमरेत लचकले, आणि जमलेली सगळी माणसं हसली. त्यात तो निरोप पाठवणारा ठेकेदारही होता. त्याने त्या दिवशी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र हातोडी घेऊन आमच्या जाळ्या ठोकत उभा असलेला मी त्याला पाहिला, आणि आता तो पूर्वीसारखाच माल नेतो.

मी नागपूरला परत गेले नाही. शेड वाढलं. बाबा आता खुर्चीवर बसून सूचना देतात, आणि त्या ऐकायला हाताखाली माणसं आहेत. वणीकडच्या त्या गावात मी वर्षातून दोन-तीनदा जाते. पाळ अजून तेवढीच उंच आहे. आमच्या ट्रकांनी तिचा एक कोपराही हललेला नाही, हे मला दिसतं आणि मी स्वतःची फसवणूक करत नाही. पण आता त्या वाटेवर माझ्या ट्रकसोबत दुसऱ्यांचेही ट्रक रांगेत उभे असतात. विटांवाले, रस्त्याचे ठेकेदार. आणि प्रत्येक ट्रकवर ताडपत्री आवळून बांधलेली असावी म्हणून आम्ही काही जण आता भांडतो.

मागच्या हिवाळ्यात फुलसावंगीहून बचत गटाच्या काही बायका आमचा कारखाना बघायला आल्या. त्यांना तिकडे स्वतःच्या जाळ्या आणि विटा पाडायच्या होत्या. मी शिकवायला जायचं कबूल केलं. पुसदला मुक्काम करून सकाळच्या गाडीने जायचे. गटात बऱ्याचजणी बंजारा तांड्यावरच्या होत्या. आपसात गोरबोलीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. सगळ्यांत वयस्क बाईला सगळ्या ‘याडी’, म्हणजे आई, म्हणायच्या. पहिल्याच दिवशी याडीने माझ्या जाळीचा नमुना उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला ठेवला. तिला तो पसंत नव्हता. तिने आपल्या ओढणीच्या काठावरचं भरतकाम मला दाखवलं, चौकोनात चौकोन आणि मध्ये आरसा. जाळी अशी पाहिजे.

नव्या नमुन्याचा फर्मा करायला वेळ लागला. आरशांच्या जागी हवेसाठी भोकं ठेवली. माल त्यांनीच कालवला, त्यांनीच भरला, आणि मी सांगितलं तेवढे दिवस कोणीही फर्म्याला हात लावला नाही, फक्त पाणी घातलेल्या बारदानाखाली डोकावून बघायच्या. उघडायच्या दिवशी मी पोचले तर सगळ्या आधीच गोळा झालेल्या, कोणी काही बोलत नव्हतं. याडी गोरबोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी विचारलं तेव्हा एकीनं सांगितलं, “ती म्हणते, घरात कोणाचं बाळंतपण चालू असल्यावाणी गुपचूप काहून उभ्या हाय तुमी?”

बोल्ट सैल केले. फर्म्याच्या बाजू हळूच ओढल्या. जाळी आडवी धरून सोडवली आणि भिंतीला टेकून उभी केली. एकही कोपरा गेला नव्हता. चौकोनात चौकोन, आणि मधल्या भोकांतून पलीकडचं तुरीचं शेत दिसत होतं. एक जण वाकून एका भोकातून पाहायला लागली, मग दुसरी.

बाबांचा फोन आलाच. “निघाली का?”

“निघाली.”

“फोन त्यायच्याकडे दे.”

मी फोन स्पीकरवर लावला. बाबांनी त्या बायकांना आधी शाबासकी दिली, मग टाक्यात किती वेळ ठेवायचं, सावली कुठे करायची, पाणी कधी मारायचं, हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, जे मी त्यांना चारदा सांगून झालं होतं. त्या प्रत्येक वाक्याला “हो बाबा” म्हणत होत्या. याडीला एवढा वेळ धीर निघेना. तिने घमेलं उचललं, दोघींना खुणेने बोलावलं, आणि बाबांचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्या जाळीचा माल कालवायला घेतला.